दारातला पुदिना

बाजारातून आपण पुदिन्याची जुडी आणतो. पाने खुडतो, चटणी वाटतो आणि देठ उकिरड्यावर टाकतो. मंडळी, त्या टाकलेल्या देठांतच पुढच्या वर्षभराचा पुदिना असतो. तो कसा, आणि त्याला काय हवं, काय नको, ते या पाठात वाचू.

पुदिन्याला शेत लागत नाही. विहीर लागत नाही. बी विकत आणावे लागत नाही. एक फुटके घमेले, दोन ओंजळी शेणखत आणि रोज तांब्या-दोन तांबे पाणी एवढ्यात तो होतो. बागायतदाराच्या वाड्यात होतो, तसा ऊसतोड्याच्या खोपीपुढेही होतो. पण त्याची एक अट आहे. ती अट पाळली तर पुदिना फोफावतो. नाही पाळली तर महिन्याभरात कुजतो. ती अट पुढे सांगितली आहे.

काडी रुजते कशी?

पुदिन्याच्या काडीवर जागोजाग पेरे असतात. आपल्याला उसाचे पेर माहीत आहे. उसाच्या पेरावर डोळा असतो, तो मातीत गेला की फुटतो. पुदिन्याचेही तसेच. पेरापाशी ओल मिळाली की खाली मुळ्या सुटतात आणि वर कोंब येतो. आपल्या इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला खाऊच्या पानांचे मळे आहेत. तिथेही वेलाचे तुकडे लावूनच मळा वाढवतात. कोणी बी पेरत बसत नाही.

जुडी आणली की त्यातल्या पाच-सहा जाड, ताज्या काड्या बाजूला काढा. काडीला खाली थोडी मुळी असली तर फारच चांगले. काडी वीतभर ठेवा. खालच्या दोन पेरांची पाने काढा, शेंड्याची तीन-चार पाने राहू द्या. मग काचेच्या पेल्यात चार बोटे पाणी घ्या आणि काड्या त्यात उभ्या करा. पेला सावलीत, उजेडाच्या जागी ठेवा. एक दिवसाआड पाणी बदला. आठ ते पंधरा दिवसांत पांढऱ्या दोऱ्यासारख्या मुळ्या दिसतात. मुळ्या दोन बोटे लांब झाल्या की काडी मातीत लावायची.

शेजारणीकडे पुदिना असेल तर पेलाही नको. पुदिन्याच्या काही फांद्या जमिनीवर सरपटत जातात आणि जाता जाता मुळ्या धरतात. अशी मुळ्या धरलेली फांदी कापून आणा आणि सरळ लावा. मागायला लाजू नका. पुदिना दिल्याने कमी होत नाही, उलट छाटल्याने त्याला जोर येतो.

लावायला पावसाळ्याचे पहिले महिने चांगले. थंडी सरताना, माघात लावला तरी चालतो. ऐन वैशाखात मात्र नवी काडी लावू नये. उन्हाने ती मान टाकते.

भांडे कोणते घ्यावे?

पुदिन्याच्या मुळ्या खोल जात नाहीत, आडव्या पसरतात. म्हणून भांडे उंच नको, पसरट हवे. वीतभर खोल असले की पुरे. गळके घमेले चालेल. फुटलेल्या माठाचा बुडखा चालेल. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापला तर त्याची दोन चांगली पन्हाळी होतात. कापलेली कड हातोडीने ठोकून आत वळवा, म्हणजे लेकरांचे हात कापणार नाहीत. भांड्याच्या बुडाला खिळ्याने सात-आठ भोके पाडा. ही भोके विसरू नका.

एक डबा मात्र कधीही घ्यायचा नाही. आपल्या भागात द्राक्ष, डाळिंब आणि ऊस आहे. फवारणी होते आणि औषधाचे रिकामे डबे बांधावर पडलेले असतात. डबा दिसायला चांगला, झाकणाचा, फुकटचा. पण ते औषध म्हणजे विष. डबा दहा वेळा धुतला तरी विष पुरते जात नाही. मातीतून ते मुळीत आणि मुळीतून पानात येऊ शकते. आता तुम्हाला वाचता येते. डब्यावरचे वाचा. त्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा असला तरी आत विषच आहे. अशा डब्यात पुदिना लावू नये, पाणी भरू नये, धान्यही ठेवू नये. रिकामा डबा लेकरांच्या हाती लागू देऊ नये. त्याला भोके पाडून तो निकामी करावा.

माती कशी करावी?

आपली काळी माती कसदार आहे, पण कुंडीत एकटी चालत नाही. ओली झाली की चिखल, वाळली की दगड. म्हणून दोन पाट्या माती, एक पाटी जुने कुजलेले शेणखत आणि एक पाटी जाड वाळू असे मिसळा. वाळू नसेल तर विटांचा चुरा घ्या. भांड्याच्या तळाला खापरीचे तुकडे पसरा, म्हणजे भोके बुजणार नाहीत.

शेण ताजे घालू नका. ताजे शेण कुजताना तापते आणि मुळ्या भाजतात. शिवाय ताज्या शेणात रोगाचे जंतू असतात, आणि पुदिना आपण कच्चा खातो. खत हातात घेतल्यावर चहाच्या भुकटीसारखे मोकळे वाटले आणि शेणाचा वास गेला, की ते कुजले असे समजावे.

पाणी हवे, पण वाट ठेवा

आता ती अट. पुदिन्याला ओल आवडते, पण साचलेले पाणी खपत नाही.

हे दोन्ही एकदम कसे? असे पाहा. मुळ्यांना पाणी लागते तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असली की मुळी खुशीत असते. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा निघून जाते. मुळी गुदमरते, काळी पडते आणि कुजते. वरून पाने पिवळी दिसतात. आपल्याला वाटते, पाणी कमी पडले. म्हणून आपण आणखी ओततो. बुडत्याला आणखी पाणी पाजल्यासारखे ते होते.

ही गोष्ट आपल्या भागाने फार मोठ्या प्रमाणावर भोगली आहे. १८७६-७७ साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर नीरा डावा कालवा खणला गेला आणि बारामती, इंदापूरच्या कोरड्या माळांना पाणी आले. ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे साखर कारखाने आले. कालव्याने आपल्या भागाचे भले केले, यात शंका नाही. पण काही ठिकाणी पाणी भरमसाट दिले गेले आणि निचऱ्याचे चर कोणी काढले नाहीत. जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली. पाण्याबरोबर खोल मातीतले क्षारही वर आले. उन्हाने पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. जमिनीवर पांढरी खपली धरली. शेत चोपण झाले, त्यात कुसळही उगवेना. १९१० साली पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रमुख डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच लिहिली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे हे दुखणे माहीत आहे. तरी आजही कालव्याकाठी अशी शेते दिसतात.

घमेल्यातला पुदिना आणि दोन एकराचे शेत, दोघांचा नियम एकच. पाणी द्या, पण जादा पाण्याला बाहेर जायला वाट ठेवा. घमेल्याला भोके, शेताला चर.

पाणी कधी द्यायचे ते ओळखायला सोपी खूण आहे. मातीत बोटाचे एक पेर खुपसा. माती बोटाला चिकटली तर पाणी नको. कोरडी लागली तर द्या. उन्हाळ्यात रोज सकाळी लागेल, कधी संध्याकाळीही लागेल. थंडीत दोन-तीन दिवसांनी पुरते. पावसाच्या झडीत अजिबात नको. पाणी मातीवर घाला आणि खालच्या भोकांतून दोन थेंब येईपर्यंत घाला. आले की थांबा.

भांड्याखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यात साचलेले पाणी रोज ओतून टाका. डेंग्यूचा डास घाण गटारात नव्हे, अशा साध्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवडाभरात त्या अंड्यांचे डास होतात. चटणीसाठी पुदिना लावला आणि घरात ताप आला, असे होऊ नये.

कोणते पाणी घालावे?

एका वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, आमच्या मोरीचं पाणी सारं वाया जातंय. त्याच्यावर पुदिना लावला तर?"

मी म्हटले, "आक्का, पाणी वाया घालवू नये हे खरं. पण मोरीचं सगळं पाणी सारखं नसतं. साबणाचं, सोड्याचं पाणी मातीत गेलं की माती चोपण होते. राखेचंही तसंच. आणि लेकराचे लंगोट धुतलेलं पाणी पुदिन्याला घातलं तर रोगाचे जंतू पानांवर येतील. पान तर आपण कच्चं खातो."

त्या म्हणाल्या, "मग कोणतं घालू?"

त्याचे उत्तर असे. तांदूळ धुतलेले पाणी, डाळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी आणि रात्रीचा हंडा विसळलेले पाणी. यात मीठ नाही आणि साबण नाही. हे सारे एका बादलीत जमवा. घरात चार-पाच माणसे असली तर दोन घमेल्यांना पुरेल एवढे पाणी सहज निघते. सुपे, मोरगाव या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. तिथे तर हे पाणी सोन्यासारखे आहे. पिण्याच्या हंड्याला हात न लावता पुदिना जगतो. साबणाचे मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

बोअरचे पाणी काही ठिकाणी खारट असते. त्या पाण्यावर पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरी पुटी येते. असे दिसले तर बोअरचे पाणी कमी करा. पावसाळ्यात भांडे उघड्यावर ठेवा, पावसाचे गोडे पाणी क्षार धुऊन नेते. शेताच्या मातीची किंवा पाण्याची शंका असेल तर बारामतीजवळ माळेगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे माती-पाण्याच्या तपासणीची चौकशी करावी. अंदाजाने खत आणि पाणी ओतत राहण्यापेक्षा तपासणी स्वस्त पडते.

जागा आणि राखण

सकाळचे ऊन तीन-चार तास आणि दुपारची सावली, अशी जागा पुदिन्याला मानवते. घराच्या उगवतीची बाजू चांगली. दारात शेवगा असेल तर त्याच्या विरळ सावलीत भांडे ठेवा. अगदी अंधारात ठेवले तर काड्या लांबतात, पाने बारीक राहतात आणि वास येत नाही.

कोंबड्या मात्र दुष्मन. माती उकरून रोपे उलथतात. नव्या रोपावर बाभळीचा काटा ठेवला की कोंबडी फिरकत नाही.

पुदिना सरळ जमिनीत लावायचा असेल तर भोवती विटा खोल रोवा. नाही तर तो सरपटत वांगी-मिरचीच्या वाफ्यात शिरतो आणि मग निघता निघत नाही.

खुडावा कसा?

रोप वीतभर झाले की खुडायला लागा. लावल्यापासून साधारण दीड महिना लागतो. उपटू नका आणि नुसती पाने ओरबाडू नका. कात्रीने पेराच्या वर कापा, आणि बुडाशी तीन बोटे काडी राहू द्या. एक शेंडा कापला की त्या पेरातून दोन फांद्या फुटतात. म्हणजे जितके रीतसर खुडाल तितके रोप भरते. पण एका वेळी सगळे रोप बोडके करू नका. अर्धे आज, अर्धे पुढच्या आठवड्यात. दोन कापण्या झाल्या की मूठभर कुजलेले खत वर पसरा. कळ्या दिसल्या तर लगेच खुडा. फुलावर आल्यावर पाने निबर होतात.

वर्षभराने भांडे मुळ्यांनी गच्च भरते आणि मधला पुदिना मरतो. तेव्हा सगळा गड्डा बाहेर काढा. कडेच्या ताज्या, पांढऱ्या मुळ्या घ्या आणि नव्या मातीत लावा. उरलेल्या शेजारी वाटा.

कीड पडली तर

पानाखाली हिरवा-काळा मावा दिसला तर पाण्याची जोराची धार पानाच्या खालून मारा. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढरट ठिपके येतात आणि खाली बारीक जाळी धरते. तो लाल कोळी. त्यालाही पाण्याची धार चालते. पानाखाली तांबूस पुटकुळ्या आल्या तर तो तांबेरा. ते रोप बुडाशी कापा, कापलेले जाळून टाका. नवी फूट बहुधा निरोगी येते. अळी दिसली तर हाताने वेचा.

शेतातले औषध मात्र पुदिन्यावर मारू नये. डाळिंबाला जाड साल असते, ती आपण काढून टाकतो. पुदिन्याचे पान तसेच तोंडात जाते.

वास कुठून येतो आणि गुण कोणता?

पुदिन्याच्या पानावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्या असतात. त्यांत सुवासिक तेल असते. पान चुरगळले की पिशव्या फुटतात आणि वास येतो. हे तेल उष्णतेने उडून जाते. म्हणून कढीत किंवा पुलावात पुदिना शेवटी घालावा. फार शिजवला तर पान उरते आणि गुण उडतो.

पुदिन्याच्या जाती पुष्कळ आहेत. त्यांतल्या मेंथा नावाच्या जातीचे तेल काढतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी भागात त्याची मोठी शेती आहे. या तेलात आज आपला देश जगात पहिला आहे. डोकेदुखीच्या बामात आणि दातांच्या पेस्टमध्ये जो थंडावा लागतो तो त्यातल्या मेंथॉलचा. मेंथॉल खरोखर थंड नसते. थंडी ओळखणाऱ्या नसांना ते जागे करते आणि आपल्याला गार वाटते. आपल्या चटणीचा पुदिना वेगळा, सौम्य असतो.

पाने खाण्याआधी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात बुडवून धुवा. मग चटणीत घाला, ताकात घाला, कैरीच्या पन्ह्यात घाला, उसाच्या रसात लिंबाबरोबर घाला. जेवण जड झाले, पोट फुगले, तर पुदिन्याने बरे वाटते.

पण पुदिन्याला वैद्य समजू नका. लेकराला जुलाब झाले तर पुदिन्याच्या रसावर भागत नाही. तेव्हा शरीरातले पाणी आणि मीठ निघून जाते, ते भरावे लागते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळा. ते पाणी घोट घोट पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. लेकरू मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, की वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा. दुसरे असे की, पेपरमिंटचे तेल किंवा बाम तान्ह्या बाळाच्या नाकाला कधी लावू नये. बाळाचा श्वास कोंडू शकतो.

वहीत लिहा

आता लिहिता येते, तर एक पान पुदिन्याचे करा. काडी पाण्यात ठेवली ती तारीख लिहा. मुळ्या दिसल्या ती तारीख लिहा. पहिली कापणी केव्हा, किती जुड्या निघाल्या, बाजारात त्या दिवशी जुडीचा भाव काय होता, तेही लिहा. वर्षाच्या शेवटी बेरीज करा. पुदिन्याने घरचे किती रुपये वाचवले ते तुमच्याच अक्षरात तुमच्यापुढे येईल. ज्याला एका घमेल्याचा हिशेब ठेवता आला, त्याला पुढे शेताच्या पाण्याचा आणि खताचाही ठेवता येतो.

ध्यानात ठेवा

१. देठ टाकू नका, रुजवा.
२. भांडे पसरट, बुडाला भोके.
३. औषधाचा डबा कधीही नको.
४. बोट खुपसून पाहा, मगच पाणी द्या.
५. साबणाचे पाणी नको, तांदूळ-भाजीचे पाणी घाला.
६. ताटलीत पाणी साचू देऊ नका.
७. कात्रीने कापा, उपटू नका.
८. धुतल्याशिवाय पान खाऊ नका.

सांगा पाहू

१. पाने पिवळी पडली तर आधी काय तपासाल?
२. घमेल्याची भोके आणि शेतातला चर यांचे काम एकच कसे?
३. तुमच्या घरी रोज कोणते पाणी वाया जाते? त्यातले कोणते पुदिन्याला चालेल?
४. तुमच्या शिवारात पांढरी खपली धरलेली जमीन आहे का? तिथे निचऱ्याला वाट आहे का?